एकट्याचा आवाज

बँड म्हटले की आपल्याकडे दोन चित्रे डोळ्यांपुढे येतात. एक लग्नाच्या वरातीतले. झगमगीत अंगरखे घातलेली माणसे, ट्रंपेट, क्लॅरिओनेट, ढोल आणि मागून डोक्यावर दिवे घेऊन चालणाऱ्या बायका. दुसरे कॉलेजच्या गॅदरिंगमधले. केस वाढवलेली तीन-चार मुले, गिटारी, ड्रमसेट आणि कानठळ्या बसवणारे स्पीकर. दोन्ही चित्रांत एक गोष्ट समान आहे. गाणाऱ्याला सगळ्यात आधी वाद्यांच्या वर आवाज काढावा लागतो. सूर, शब्द, भाव ही पुढची गोष्ट. आधी तो ऐकू तर गेला पाहिजे!

अशा गायकाने एक दिवस बँड सोडला, तर पुढे तो काय करतो? बहुतेक जण दुसरा बँड काढतात. ज्यांचे नाव झालेले असते ते आणखी मोठा ताफा जमवतात. पोस्टरवर आपले नाव मोठे, बाकीच्यांची लहान. पण मोजके काही गायक नेमके उलट्या वाटेने गेले. त्यांनी माणसे कमी केली, वाद्ये कमी केली आणि शेवटी आपला आवाजही उतरवला. अशा अल्बमांची यादी फार मोठी नाही. तरी रविवारच्या सकाळी, घरातली सगळी मंडळी चहाच्या कपाभोवती असताना, तिची आठवण काढायला एक कारण आहे. आमच्या अंबरनाथ-बदलापूर-चामटोली पट्ट्यात एकट्या माणसाचे गाणे ऐकण्याची सवय झपाट्याने जाते आहे आणि त्या सवयीबरोबर एक अख्खे गाणे बुडण्याच्या वाटेवर आहे. कोणते, ते पुढे येईलच. आधी त्या उलट्या वाटेच्या प्रवाशांकडे वळू.

शिवोलीचा एकटा

आपल्या शेजारचे उदाहरण गोव्याचे. रेमो फर्नांडिस हे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचले ते हिंदी सिनेमामुळे. ‘जलवा’ (१९८७) चे शीर्षकगीत, ‘बॉम्बे’ (१९९५) मधले ‘हम्मा हम्मा’, नंतर ‘प्यार तो होना ही था’ (१९९८). त्यामुळे रेमो म्हणजे नाच, धमाल आणि रंगीबेरंगी कपडे एवढेच चित्र अनेकांच्या मनात असते. त्याच्या आधीचा रेमो फार कमी लोकांना ठाऊक आहे.

१९५३ साली जन्मलेला हा शिवोली गावचा मुलगा. मुंबईत सर जे. जे. वास्तुकला महाविद्यालयात शिकला. शाळेपासूनच बँडमध्ये गात-वाजवत होता. मुंबईला आल्यावर ‘सॅव्हेजेस’ या त्या काळच्या नामांकित रॉक बँडमध्ये सामील झाला. त्या पिढीतल्या बँडवाल्या मुलांचे एक ठरलेले आयुष्य असे. लंडन-न्यूयॉर्कची गाजलेली गाणी हुबेहूब वाजवायची, हॉटेलांत आणि कॉलेजांत टाळ्या घ्यायच्या. आपले स्वतःचे गाणे वाजवले की समोरचे श्रोते चुळबुळ करू लागत. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात रेमो गिटार घेऊन युरोप आणि उत्तर आफ्रिकेत वाटसरूसारखा भटकला, रस्त्याच्या कडेला गाऊन पोट भरले आणि १९८०च्या सुमारास गोव्यात परतला.

१९८४ साली त्याने ‘गोवन क्रेझी’ हा अल्बम काढला. तो कुठल्या स्टुडिओत झाला नाही. शिवोलीच्या घरात, चार ट्रॅकच्या एका लहानशा कॅसेट यंत्रावर झाला. त्यातली वाद्ये एकट्या रेमोने वाजवली, मागचे कोरससुद्धा त्याच्याच गळ्यातले. विषय गोव्याचे, रोजचे. एक गाणे तर टेलिफोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहॅम बेलला उद्देशून; कारण त्या काळातल्या गोव्यात फोन होते, पण लागत नव्हते! रेकॉर्ड कंपन्यांना इंग्रजीतून गोव्याविषयी गाणाऱ्या माणसात रस नव्हता. तेव्हा त्याने स्वतःच कॅसेट काढल्या आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी नेऊन दिल्या. गोव्यात त्या खपल्या आणि मग कंपन्यांना जाग आली.

‘गोवन क्रेझी’ शांत अल्बम आहे असे कुणी म्हणणार नाही. त्यात थट्टा आहे, ठेका आहे, टोमणे आहेत. तरीही तो कमीत कमी साधनांचा अल्बम आहे आणि त्याचे मर्म त्या यंत्रात दडलेले आहे.

आपल्या नेहमीच्या कॅसेटच्या फितीवर चार पट्ट्या असत. दोन एका बाजूला, दोन कॅसेट उलटी केल्यावर. १९७९ साली आलेल्या ‘पोर्टास्टुडिओ’ जातीच्या यंत्राने चारही पट्ट्या एकाच दिशेने वापरायची सोय केली. पहिल्या पट्टीवर गिटार वाजवायची. ती ऐकत दुसरीवर ताल धरायचा, तिसरीवर बासरी, चौथीवर गळा. जागा संपली की दोन-तीन पट्ट्यांतले संगीत एकीवर उतरवून बाकीच्या मोकळ्या करायच्या. मात्र असे प्रत्येक वेळी केले की फितीची खसखस थोडी वाढते आणि आवाजातली चमक थोडी कमी होते. म्हणजे प्रत्येक नवे वाद्य घ्यायचे तर त्याची किंमत मोजावी लागते. साहजिकच गाणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतो, हे वाद्य खरेच हवे आहे का? घरखर्चाची वही लिहिणाऱ्या गृहिणीला हा प्रश्न नवा नाही. संगीतात मात्र तो फारसा कुणी विचारत नाही.

गंमत अशी, की रेमोच्या दोनच वर्षे आधी अमेरिकेतल्या एका फार मोठ्या गायकाने याच जातीच्या यंत्रापुढे बसून असेच केले होते. ब्रूस स्प्रिंगस्टीन म्हणजे हजारोंची स्टेडियम हलवणारा माणूस. त्याचा ‘ई स्ट्रीट बँड’ जगप्रसिद्ध. १९८२च्या जानेवारीत त्याने न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात बसून, गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन काही गाणी कच्ची म्हणून ध्वनिमुद्रित केली. बँडला शिकवण्यापुरती. ती कॅसेट बरेच दिवस त्याच्या खिशात वेष्टनाशिवाय फिरत होती. पुढे बँडबरोबर तीच गाणी मोठ्या स्टुडिओत करून पाहिली, तर जीव निघून गेल्यासारखी वाटू लागली. शेवटी खिशातली कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावाने बाजारात आली. बेकार कामगार, कर्जात बुडालेली माणसे, गुन्ह्याकडे वळलेले तरुण यांची ती गाणी. अशा माणसांचे दुःख ढोल वाजवून सांगता येत नाही, हे त्याच्या कानाने ओळखले.

वीस सेकंदांची शांतता

या वाटेने सर्वांत दूर गेलेला माणूस मात्र इंग्लंडचा. मार्क हॉलिस. आपल्याकडे हे नाव फारसे कुणी ऐकलेले नाही. १९८१ साली सुरू झालेल्या ‘टॉक टॉक’ या बँडचा तो गायक. १९८४ मध्ये त्यांचे ‘इट्स माय लाइफ’ आले आणि पुढे गाजले. १९८६च्या ‘द कलर ऑफ स्प्रिंग’ या अल्बमने युरोपभर नाव आणि पैसा दोन्ही दिले. आता आणखी असेच एक-दोन अल्बम काढले की जन्माची ददात मिटली, अशी स्थिती.

त्याने केले ते वेगळेच. पुढच्या अल्बमसाठी मंडळी महिनोन् महिने लंडनच्या एका स्टुडिओत जवळजवळ अंधारात बसली. वादकांना बोलवायचे, मनास येईल ते वाजवू द्यायचे आणि नंतर त्यातले बहुतेक काढून टाकायचे. राहतील ते थोडे सूर ठेवायचे. १९८८ साली ‘स्पिरिट ऑफ ईडन’ बाहेर आला तेव्हा कंपनी हतबुद्ध झाली. त्यात रेडिओवर लावण्याजोगे एक गाणे सापडेना. कोर्टकज्जे झाले. १९९१ साली दुसऱ्या कंपनीकडून आणखी एक अल्बम आला आणि त्यानंतर बँड विसर्जित झाला.

मग सात वर्षांनी, १९९८च्या जानेवारीत, हॉलिसचा एकट्याचा अल्बम आला. नाव फक्त त्याचेच. वाद्ये सगळी विजेविना वाजणारी. पियानो, गिटार, क्लॅरिनेट, बसून, बासरी, ट्रंपेट आणि आपल्या ओळखीची हार्मोनियमसुद्धा. एकाच खोलीत पुढे दोन मायक्रोफोन मांडले होते आणि ज्याचा आवाज जवळून यायला हवा त्याला पुढे, दुरून यायला हवा त्याला मागे बसवले होते. मैफिलीत आपण बसतो आणि तंबोरा कुठे, तबला कुठे हे डोळे मिटूनही कळते, तसे. गायकाच्या श्वासाचा, खुर्चीच्या कुरकुरीचा, बोटे तारेवरून सरकल्याचा आवाजही ऐकू यावा, इतके मोकळे ते ध्वनिमुद्रण आहे.

आणि आरंभ? अल्बम सुरू होतो तेव्हा जवळजवळ वीस सेकंद काहीच होत नाही. खोलीची शांतता तेवढी ऐकू येते. मग पियानोचे हळूच काही सूर येतात आणि त्यावर हॉलिसचा आवाज, बोलल्यासारखा. शेवटही तसाच, शांततेत विरघळणारा. एका गाण्यात पहिल्या महायुद्धात विशीत मारल्या गेलेल्या एका इंग्रज तरुणाचे आयुष्य आहे. त्याच्या नावाचा गजर नाही. शीर्षकात केवळ १८९५ आणि १९१५ ही दोन साले आहेत.

या अल्बमचे हॉलिसने दौरे केले नाहीत. आणखी एकही अल्बम काढला नाही. घर, मुले आणि संसार यांना वेळ द्यायचा तर गावोगाव हिंडणे जमणार नाही, असे म्हणून तो संगीताच्या व्यवसायातून जवळपास निघूनच गेला. २०१९च्या फेब्रुवारीत वयाच्या चौसष्टाव्या वर्षी तो वारला, तेव्हा जगभरच्या गायक-वादकांनी त्याची आठवण काढली. ती मुख्यतः त्याच्या शांत संगीतासाठी.

आता यातली एक बाब आजच्या काळाला लावून पाहू. आज गाणी फोनवर ऐकली जातात आणि गायकाला त्याचा मोबदला ऐकण्याच्या संख्येवर मिळतो. ‘स्पॉटिफाय’सारख्या सेवेवर एखादे गाणे निदान तीस सेकंद चालले तरच ते ‘ऐकले’ असे धरले जाते. त्यामुळे गाणे करणाऱ्यांचा सगळा जीव त्या पहिल्या अर्ध्या मिनिटात. तिथेच ठेका, तिथेच ध्रुवपद, तिथेच धडाका. हॉलिसने त्यातली वीस सेकंदे शांततेला देऊन टाकली असती! असा अल्बम आज कुणी करणारच नाही असे नाही. पण तो करणाऱ्याच्या अंगी हिंमत लागेल आणि ऐकणाऱ्याच्या अंगी त्याहून अधिक. शांत गाण्यात अर्धे काम श्रोत्याने करायचे असते. मोठा आवाज आपल्यापर्यंत चालत येतो. हळू आवाजाकडे आपल्याला जावे लागते.

आपल्या कानांना नवे नाही

मराठी माणसाला हे सारे परदेशी वाटण्याचे कारण नाही. आपले भावगीत तरी दुसरे काय होते? नाट्यसंगीताच्या बुलंद काळात, जेव्हा नट मायक्रोफोनशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत तान पोहोचवत, तेव्हा एका बाजूला ग्रामोफोन आणि रेडिओ आला. कानाशी बोलल्यासारखे गाता येऊ लागले. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मिळत. त्या मापात जी. एन. जोशींनी, गजाननराव वाटव्यांनी कविता बसवली. वाटवे तर पुण्याच्या सार्वजनिक गणेशोत्सवात पेटी-तबल्याच्या साथीने भावगीते गात आणि रस्त्यावर बसून लोक ऐकत. गणपतीचा मांडव! आज तिथे काय वाजते ते सांगायला नको.

अरुण दाते वस्त्रोद्योगातली नोकरी सांभाळून गाणारा गायक. श्रीनिवास खळ्यांची चाल, पाडगावकरांचे शब्द आणि कुठेही न चढणारा दात्यांचा गळा. साठच्या दशकाच्या आरंभी ‘शुक्रतारा’ रेडिओवरून आले आणि पन्नास वर्षे लोकांनी त्याच्या कार्यक्रमांना गर्दी केली. हळू आवाजाला गिऱ्हाईक नाही असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा. हॉलिसचा अल्बम आला त्याच सुमारास मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा ‘गारवा’ आपल्याकडे आला. पावसाची गाणी आणि गाण्यांच्या मधे नुसते कवितेचे बोलणे. कॉलेजातल्या मुलामुलींनी ती कॅसेट झिजेपर्यंत ऐकली. २००३ पासून संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांनी रंगमंचावर मोजकी वाद्ये ठेवून कविता गायल्या आणि नाट्यगृहे भरली. म्हणजे कान आहेत. प्रश्न कानांना जागा मिळण्याचा आहे.

मांडवातली बाई

त्या जागेचा प्रश्न आमच्या परिसरात कसा दिसतो, ते आता सांगतो.

चामटोली हे अंबरनाथ तालुक्यातले, बदलापूर आणि वांगणीच्या मधले, उल्हास नदीच्या काठचे गाव. २७ जुलै २०१९ या दिवशी सगळ्या देशाने त्याचे नाव ऐकले. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रीच्या पुरात इथे पाण्याने वेढली गेली. सुमारे एक हजार पन्नास प्रवासी अडकले. एनडीआरएफच्या बोटी आल्या, गावकरी धावले, प्रवासी सुखरूप बाहेर पडले. दोन दिवस वाहिन्यांवर चामटोली, चामटोली. मग पाणी ओसरले आणि नावही ओसरले. एरवी मुंबईकरांच्या लेखी हा पट्टा म्हणजे शनिवार-रविवारची फार्महाऊसे. जाहिरातीत ‘निसर्गरम्य शांतता’ विकायची आणि गाडीच्या डिकीतून स्पीकर घेऊन यायचे!

पण पाहुण्यांना कशाला नावे ठेवायची? आपलेच पाहू. ठाणे-रायगडच्या आगरी लग्नांत हळदीची रात्र मोठी. पूर्वी तिथे बँजो आला, मग डीजे आला. आता भिंतीएवढे स्पीकर लावतात आणि शेजारच्या घरातल्या फडताळातली भांडी थरथरतात. कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. दहा डेसिबलने आकडा चढला की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. भिंतीएवढ्या स्पीकरांपुढे हा आकडा सहज शंभराच्या पुढे जातो. हिशेब ज्याचा त्याने करावा.

याच लग्नाच्या मांडवात एक बाई असते. धवलारीण. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचा वेगळा धवला ती गाते. देवांना आवतण देते, पितरांना बोलावते, नवरा-नवरीला दोन शब्द सांगते. पोथी नाही, सगळे तोंडपाठ, एका बाईकडून दुसरीकडे आलेले. वाद्य नाही. माइक नाही. एकटीचा किंवा जोडीदारणीसह दोघींचा उघडा गळा, सावकाश चालीत, न घाई न चढउतार. ठाकर समाजातही लग्न लावणारी धवलेरी अशीच. शेतात लावणी करणारी, मोळी आणणारी ही बाई. पण त्या दिवशी तिच्या गाण्यावाचून लग्न लागत नाही, असा मान.

इंग्लंडमधल्या गायकाला स्टुडिओ, पैसा आणि प्रसिद्धी मिळाल्यावर सात वर्षे खपून जे साधले, ते आमच्या मांडवात पिढ्यान् पिढ्या सहज चालत आले आहे. कमीत कमी साधने, एक आवाज, आणि भोवती शांत बसलेली माणसे. यातले तिसरे गेले की पहिली दोन टिकत नाहीत. धवलारीण गात असते आणि दहा हातांवर डीजेवाला ‘चेक, चेक’ करीत असतो. ती आवाज चढवू शकत नाही. धवला चढवून गाण्याची चीजच नाही. मग ती आटोपते. वीस कडव्यांची दहा होतात, दहाची चार. तिच्याजवळ बसून शिकायला हवी त्या मुलीला गाणे ऐकूच येत नाही, तर ती शिकणार काय? तोंडी परंपरा बंदी घालून मरत नाही. ती ऐकू न आल्याने मरते.

दुसरी बाजू

यावर आक्षेप येतील आणि ते ऐकून घेतले पाहिजेत.

पहिला असा, की आठवडाभर कारखान्यात आणि लोकलच्या गर्दीत पिचलेल्या माणसाने एक रात्र मनसोक्त नाचले तर बिघडले कुठे? काही बिघडले नाही. नाच ही आनंदाची गोष्ट आहे आणि नाचायला ठेका लागतो. रेमोच्या गाण्यांवरही लोक नाचलेच. नाचाला विरोध असणाऱ्यांच्या पंगतीत आम्हाला बसायचे नाही. मागणे एवढेच, की एकाच रात्रीत नाचाला चार तास असतील तर ऐकण्याला अर्धा तास असावा.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा. शांतता हे सुखवस्तू माणसांचे खूळ आहे. बंद खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये बसून दुसऱ्याच्या ढोलाला नाके मुरडणे सोपे. हा आक्षेप पुष्कळदा खरा असतो. पण त्याचे उत्तर मांडवातच बसलेले आहे. धवलारीण कुठल्या सोसायटीतली आहे? शांत गाणे कष्टकरी बायकांनीच जपले. ते त्यांच्यापासून हिरावून घेणारा स्पीकर मात्र तासाच्या भाड्याने येतो. स्प्रिंगस्टीननेही बेकार कामगारांची गोष्ट सांगायला बँड बाजूला ठेवला होता, हे इथे आठवावे.

तिसरा आक्षेप मुलांचा. आम्ही ऐकतोच की, हेडफोनवर! कर्जत लोकलमध्ये दर दुसऱ्या कानात काहीतरी खुपसलेले असते, हे खरे. पण गाडीच्या खडखडाटावर मात करायला तिथेही आवाज वाढवावाच लागतो. शिवाय ते ऐकणे ज्याचे त्याचे. पूर्वी रेडिओ एक होता आणि ऐकणारे सहा. आजोबांना आवडलेले नातवाला आवडत नसे, वाद होत. पण दोघांनी एकच गाणे ऐकलेले असे. आज एका घरात सहा गाणी चालू असतात आणि कुणी कुणाचे ऐकत नाही.

अर्ध्या तासाचा नियम

मग करायचे काय? सरकारकडे बोट दाखवून मोकळे होण्याचा हा विषय नाही. नियम आहेत, ते पाळवून घेणे पोलिसांचे आणि पालिकेचे काम आहे. त्यांनी ते करावे. पण कान तयार करणे घरचे काम आहे.

आठवड्यातून एक संध्याकाळ, टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत, आणि सगळ्यांनी मिळून एक अख्खा अल्बम ऐकावा. एकेक गाणे निवडून नव्हे. पहिल्यापासून शेवटपर्यंत, गायकाने लावलेल्या क्रमाने. हॉलिसचा अल्बम पाऊण तासाचा आहे. ‘गारवा’ ऐका, दाते ऐका, मुलांना आवडतो तो एखादा नवा एकट्याचा अल्बम त्यांनी लावावा आणि मोठ्यांनी मुकाट ऐकावा. इंग्रजी शब्द कळले नाहीत तरी चालेल. पहिल्यांदा चुळबुळ होईल. दुसऱ्यांदा कमी. तिसऱ्यांदा लहान मूल विचारील, हा मधे आवाज कसला? तो गायकाने घेतलेला श्वास असेल. तिथे ऐकणे सुरू झाले असे समजावे.

आणि ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे, त्यांच्यासाठी एक मागणे. पत्रिका छापताना, हॉल ठरवताना, डीजेला इसारा देतानाच सांगून ठेवा, की धवलारीण बसेल तेव्हा अर्धा तास मशिन बंद. जनरेटरसुद्धा. नवऱ्याच्या मित्रांना आधीच बजावा. घरातल्या एखाद्या मुलीला तिच्या शेजारी बसवा. आणि धवलारणीची परवानगी घेऊन फोनवर ध्वनिमुद्रण करा. कधी काळी रेमोने घरी जे केले त्याहून चांगले यंत्र आज प्रत्येक खिशात आहे. तिला तिच्या गाण्याचा मान आणि बिदागी डीजेच्या बिलाच्या आधी द्या.

चामटोलीचे नाव जगाच्या कानी पडायला पूर यावा लागला. तिथल्या आणि शेजारपाजारच्या मांडवांतल्या गाण्याला तसली वेळ येऊ नये. त्याला हवा आहे अर्धा तास आणि गप्प बसलेली चार माणसे. एवढे देणे कुठल्याही घराला परवडण्यासारखे आहे.